चोपन्न पायऱ्या उतरलेली खुर्ची

माझं वजन सात किलो, वय साठीच्या पुढे, आणि आजवर माझ्यावरून एकही माणूस पडलेला नाही. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही, चाकं तर नाहीतच. पाठ उंच आणि सरळ, पाय चार आणि चारही ठाम. माझ्या बोलण्यात थोडा तोरा आहे, हे मी आधीच कबूल करते. पण तो कुणाकडून उसना आणलेला नाही, माझ्या कमाईचा आहे. ही कमाई कशी झाली ते आता ऐका.

माझा जन्म झाला तो फोटो काढण्याच्या दुकानासाठी. फोटोवाल्याने सुताराला बजावलं होतं, "खुर्चीला हात नकोत, त्यांच्यामागे कपडे झाकले जातात. आणि खुर्ची हलली तर फोटो हलतो, तेवढं सांभाळ." सुतार हट्टी होता. त्याने मला जोडलं, स्वतः बसून पाहिलं, मग मागच्या दोन पायांवर झुलून पाहिलं. कुठेतरी बारीकशी कुरकुर त्याच्या कानावर आली असावी, कारण त्याने मला लगेच उलटं केलं आणि पायांच्या मधे आणखी दोन आडव्या पट्ट्या बसवल्या. फोटोवाला म्हणाला, "एवढं कशाला? माणसं बसणार आहेत, हत्ती नव्हे." सुतार म्हणाला, "माणसं कशी बसतात ते तुला ठाऊक नाही." त्या सुताराचे उपकार मी कधी विसरले नाही.

पन्नास वर्षं मी त्या दुकानात दिमाखात राहिले. रस्त्यावरून पाठीत वाकून आलेला माणूसही माझ्यावर बसला की ताठ व्हायचा. सुरुवातीला नवरा बसायचा आणि बायको माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. पुढे पुढे बायको बसू लागली आणि नवरा उभा राहू लागला. काळ बदलतोय हे मला असं कळलं. नंतर मात्र ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, जो तो स्वतःचा फोटो स्वतःच काढू लागला आणि दुकानाला कुलूप लागलं. मला कुणीतरी वस्तीच्या सभागृहाला देऊन टाकलं. तिथे माझं काम काय, तर दिवा बदलायला कुणी माझ्यावर बुटासकट चढायचं, रंगारी माझ्यावर डबा ठेवायचा. माझ्या पाठीवर हिरव्या रंगाचा एक ओघळ आहे, तो तेव्हाचा. कोठीच्या कोपऱ्यात किती वर्षं गेली ते मलाही सांगता येणार नाही. मला फार वाईट वाटायचं. ज्या पाठीवर लोकांनी प्रेमाने हात ठेवले, तिच्यावर आता केरसुणी टेकवलेली असायची.

मग एका रविवारी सभागृहाच्या दारावर फलक लागला: संकटाच्या वेळी काय करावे, नागरिकांसाठी मोफत प्रशिक्षण. फुकट म्हटलं की लोक आधी संशयानेच बघतात. पहिल्या रविवारी सात माणसं आली, त्यातली दोन चहा मिळेल म्हणून. शिकवणारे होते बंबकाका. अग्निशमन दलात उभा जन्म काढून निवृत्त झालेले, म्हणून वस्तीने त्यांना हे नाव दिलं. धूर खाऊन खाऊन त्यांचा आवाज पार बसला होता, त्यामुळे त्यांचं ऐकायला सगळ्यांना गप्प बसावंच लागायचं. गॅसचा वास आला तर काय करायचं, धूर भरला तर कसं वागायचं, रक्त वाहत असेल तर कुठे दाबायचं, हे ते एकेक करून शिकवत गेले. चौथ्या रविवारी म्हणाले, "आज ज्याला चालता येत नाही, त्याला जिन्याने खाली कसं आणायचं ते बघू. लिफ्ट बंद आहे असं समजा. खुर्ची आणा."

कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. बंबकाकांनी तिची पाठ धरून मागे कलती केली आणि तिचे पाय फाकले. दुसरी आणली, तिचंही तेच. तिसरीला चाकं होती, तिला त्यांनी हातही लावला नाही. मग ते स्वतः कोठीत शिरले. त्यांनी माझ्यावरची केरसुणी बाजूला केली, मला उचललं, जमिनीवर आपटलं, कलतं केलं, वर पाय देऊन उभे राहिले. मी हूं की चूं केलं नाही. "ही चालेल," ते म्हणाले. मित्रांनो, पन्नास वर्षांत फोटोवाल्याने मला कधी शाबासकी दिली नव्हती. या माणसाने दोन शब्दांत ती भरून काढली.

पद्धत अशी. बसणाऱ्याला घडी घातलेल्या चादरीने छातीशी आणि पायांशी माझ्याशी बांधायचं. हात त्याने मांडीवर ठेवायचे, काही झालं तरी जिन्याचा कठडा धरायचा नाही. कारण त्याने कठडा धरला की खुर्ची फिरते आणि उचलणारे कोलमडतात. दोघांनी माझी पाठ धरायची, दोघांनी पुढचे पाय. एकाने पायऱ्या मोजायच्या, आणि मोजल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. दमलात तर माझे मागचे पाय पायरीवर टेकवायचे. सराव सभागृहाच्या व्यासपीठावरून व्हायचा. त्याला तीन पायऱ्या होत्या. आणि रुग्ण म्हणून दर वेळी बसायचे शिंपीकाका, जे नखशिखांत भिजले तरी पंचेचाळीस किलोच्या वर जाणार नाहीत. त्यांना उचलायला सगळेच पुढे. एक, दोन, तीन, उतरलो, टाळ्या. दोन महिन्यांत आमचा वर्ग स्वतःवर भलताच खूश झाला.

फक्त एक बाई टाळ्या वाजवत नव्हती. समोरच्या रस्त्यावर तिचं इस्त्रीचं दुकान होतं. अंगाने काटकुळी, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. तिला सगळे धाकटी म्हणायचे, कारण ती गणिताच्या बाईंची धाकटी बहीण. गणिताच्या बाई म्हणजे अर्ध्या वस्तीला पाढे शिकवलेल्या आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला बाकावर उभं केलेल्या. निवृत्त झाल्यावर त्यांचे गुडघे गेले, मग वजन वाढलं, मग दोन्ही एकमेकांना वाढवत गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून त्या अडीच वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. डॉक्टर वर जायचे, न्हावीण वर जायची, भाजी वर जायची.

त्या दिवशी धाकटीने हात वर केला. "वरच्या माणसाला खाली यायचंच नसेल तर काय करायचं?"

"वजन किती?" बंबकाकांनी विचारलं.

"ते ती कुणाला सांगत नाही. मी इथे येते हेही तिला ठाऊक नाही, भाजीला जाते म्हणून सांगते. काही झालं तर मी इथेच बसून राहीन, तू निघून जा, असं ताईचं ठरलेलं आहे." धाकटी जागेवरून उठली. "आणि तिला सोडून मी जायचं नाही, हे माझं ठरलेलं आहे."

सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब आला असणार: एक संकट आणि दोन्ही बहिणी गेल्या. बंबकाकांनी माझ्या पाठीवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "पुढचा वर्ग तुमच्या जिन्यावर."

आणि पुढच्या रविवारी आमची फजिती झाली. इमारतीचे तीन मजले, सहा वळणं, दर वळणाला नऊ पायऱ्या, एकूण चोपन्न. शिंपीकाकांना माझ्यावर बांधलं. पाठीशी धाकटी आणि औषधाच्या दुकानातल्या वहिनी, पुढे पोस्टमन आणि एक दणकट शेजारी. एक, दोन, तीन. आणि तिसऱ्या पायरीला पोस्टमन आणि शेजाऱ्याने माझे पाय सोडून दिले. का? तर सभागृहात तिसऱ्या पायरीनंतर जमीन यायची. दोन महिने हातांना तेच शिकवलं होतं. मी पुढे झुकले, शिंपीकाका चादरीत लटकले, आणि बंबकाकांनी मधे गुडघा घातला म्हणून निभावलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. भारदस्त, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

"यांना चौथी पायरी कुणी शिकवलीच नाही का?"

गणिताच्या बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. धाकटी भाजीला गेली नव्हती, हे एव्हाना त्यांच्या लक्षात आलं होतंच. पण त्यांचा राग बहिणीवर नव्हता, चुकीच्या शिकवण्यावर होता. तसलं शिकवणं त्यांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं. बंबकाका मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे, बाई."

"आहेच. पुन्हा करा. मोजते मी."

त्या दिवसापासून मोजणी बाईंकडे गेली. दर रविवारी दहाच्या ठोक्याला त्या दारात स्टूल घेऊन बसायच्या आणि जिना दणाणून सोडायच्या. "एक. दोन. तीन. चार. चार म्हटलं ना, पोस्टमन, लक्ष कुठे आहे?" शिंपीकाकांनी कठड्याकडे नुसता हात हलवला तरी वरून फटकारा यायचा. माणसं तीच, पण महिन्याभरात त्यांचे पाय एका तालात पडू लागले. बाई मात्र स्वतः माझ्यावर बसत नव्हत्या. धाकटी दर रविवारी विचारायची, त्या दर रविवारी नाही म्हणायच्या.

असे चार-पाच महिने गेले. मग एकदा बंबकाकांनी जवळच्या बांधकामावरून वाळूची पोती मागून आणली आणि शिंपीकाकांच्या जागी माझ्यावर पोती बांधली.

"किती ठेवलंय?" बाईंनी वरून विचारलं.

"चाळीस किलो."

सगळे नजर चुकवून उभे राहिले. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणखी तेवढंच घाला. आणि वर अठरा."

बंबकाकांनी काही न विचारता पोती वाढवली. अठ्ठ्याण्णव किलो. डॉक्टरांनाही न सांगितलेला तो आकडा बाईंनी भर जिन्यात सांगितला होता. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती. आणि मी? माझ्या चारही सांध्यांत कळ गेली, पण सुताराने बसवलेल्या पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. चोपन्न पायऱ्या आम्ही ते वजन उतरवलं. खाली पोहोचल्यावर पोस्टमनने माझ्या पाठीवर थाप मारली, तशी तो आपल्या सायकलीलाही मारतो.

त्यानंतर बंबकाकांनी मला बाईंच्याच घरी ठेवलं, दाराजवळ. "जिथे लागणार तिथेच राहील. हिच्यावर काही ठेवायचं नाही." बाईंना मी डोळ्यांसमोर नको होते. तीन दिवसांत माझ्यावर वर्तमानपत्रांचा ढीग चढला. कोठीतली केरसुणी बरी, असं मला झालं. या बाईंसाठी मी अठ्ठ्याण्णव किलो वाहिले, आणि त्यांनी मला रद्दीचं टेबल केलं, या विचाराने मी अगदी खट्टू झाले.

मग तो बुधवार आला. सकाळचे अकरा वाजले होते. धाकटी बाईंना गोळ्या द्यायला दुकानातून वर आली होती. तळमजल्यावर मागच्या बाजूला बेकरी आहे, तिच्या गॅसची नळी फाटली. वास आधी शिंपीकाकांना आला, त्यांचं दुकान तिला लागूनच. त्यांनी कुणीही काडी ओढू नका म्हणून ओरडून सांगितलं आणि ते जिन्याकडे पळाले. औषधवाल्या वहिनी आणि टपाल घेऊन आलेला पोस्टमन त्यांच्या मागे. पहिल्या मजल्यावर शिंपीकाकांनी घंटीच्या बटणाकडे बोट नेलं, तर वहिनींनी त्यांच्या हातावर चापट मारली. बटण दाबलं आणि ठिणगी उडाली तर सगळंच संपलं. मग तिघेही मुठींनी दारं ठोकत वर आले. दणकट शेजारी कामावर गेलेला. पोरं शाळेत. बाकी घरं भराभर रिकामी झाली.

बाई पलंगावर बसल्या होत्या. धाकटीने माझ्याकडे बोट केलं, त्यांनी मान फिरवली.

"पोत्यांना लाज नसते, मला आहे. साऱ्या गल्लीसमोर चौघांच्या हातांवर लोंबकळत जायचं नाही मला. तू जा."

"मी जात नाही." धाकटी त्यांच्या पायाशी फरशीवर बसली.

"उठ. मूर्खासारखं करू नकोस."

"करणार. आयुष्यभर तुझं ऐकलं, आज नाही."

दारात तिघे उभे होते. वास आता तिसऱ्या मजल्यावरही येऊ लागला होता. शिंपीकाका धापा टाकत म्हणाले, "बाई, आम्हीही थांबतो मग. चौघांपैकी एक जरी कमी पडला तरी उचलता येणार नाही. आणि तुम्ही मोजलं नाहीत तर आम्ही पुन्हा तिसऱ्या पायरीवर सोडून देऊ, आम्हाला आम्ही माहीत आहोत."

बाईंनी चौघांकडे पाहिलं. काटकुळी बहीण, पंचेचाळीस किलोचा शिंपी, पन्नाशीच्या वहिनी, कपाळावर घाम आलेला पोस्टमन. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला एवढं गणित सुटायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "त्या खुर्चीवरचे कागद काढा."

कागद फरशीवर गेले. बाई माझ्यावर बसल्या. मित्रांनो, वाळू आणि माणूस यांत फरक असतो. वाळू थंड असते. बाईंच्या पाठीची धडधड माझ्या लाकडात उतरत होती. चादर बांधली, पाठीशी धाकटी आणि वहिनी, पुढे पोस्टमन आणि आज पहिल्यांदाच उचलणाऱ्यांत शिंपीकाका.

"एक," बाई म्हणाल्या. आवाज बारीक निघाला. त्यांनी घसा खाकरला. "दोन. तीन. चार."

एकविसाव्या पायरीवर माझा तोल डावीकडे गेला. कुणाचा पाय चुकला म्हणून नव्हे, तर बाईंनी घाबरून कठडा घट्ट पकडला म्हणून. ज्या हालचालीसाठी शिंपीकाकांना त्यांनी दर रविवारी धारेवर धरलं होतं, अगदी तीच. वहिनींची पकड ढिली होऊ लागली. धाकटीने बाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि हुबेहूब त्यांच्याच सुरात म्हणाली, "ताई, कठडा सोड."

बाईंनी कठडा सोडला. "चुकले," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून या वस्तीत कुणी ऐकला नव्हता. "टेकवा. श्वास घ्या. आता बावीस."

छत्तीसला पुन्हा टेकवलं. पंचेचाळीसला पोस्टमनची बोटं निसटू लागली, तेव्हा बाईंनी मोजणी सावकाश केली, दोन आकड्यांच्या मधे त्याला पकड सुधारायला वेळ दिला. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. तरीही कुणी मला सोडलं नाही. तसंच उचलून गल्लीच्या टोकाला नेलं, जिथे बंबकाका धावतपळत पोहोचले होते. त्यांनी मला जमिनीवर टेकलेलं पाहिलं. मग चौघांचे हात एकेक करून आपल्या हातात घेतले. गॅसवाल्यांनी झडप बंद केली, तासाभराने इमारत मोकळी झाली. कुठे ठिणगी उडाली नाही, कुणाला खरचटलंही नाही. माझी छाती, म्हणजे माझी पाठ, अभिमानाने नुसती भरून आली होती.

लोक घरी परतू लागले. बाई तिथेच माझ्यावर बसून होत्या, तोंडावर ऊन घेत. अडीच वर्षांनी त्यांना ऊन मिळत होतं. जुने विद्यार्थी येऊन भोवती उभे राहत होते, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले, आणि बाई एकेकाला नावाने हाक मारत होत्या. मग धाकटी म्हणाली, "चल ताई, वर जाऊ," आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. वर चढवायचं कुणी शिकलंच नव्हतं. सरावात शिंपीकाका आपल्या पायांनी वर चढायचे आणि पोती एकेक करून चढायची. बंबकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. बाई हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "आता रविवारीच. आधी नीट शिका."

चार दिवस त्या शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत राहिल्या, दोऱ्यांच्या रिळांमधे. रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बंबकाकांनी चढणं शिकवलं: बसणाऱ्याचं डोकं वरच्या दिशेला, पाठ धरणाऱ्यांनी उलट पावलांनी चढायचं, दर नऊ पायऱ्यांना माणसं बदलायची. सहा वळणं, सहा चौकड्या. चोवीस जणांनी त्या दिवशी बाईंना वर नेलं, आणि मोजणी अर्थात त्यांचीच. दारात मला टेकवलं, धाकटीने चादर सोडली. बाईंनी पदराने माझ्या पाठीवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "हिच्यावर आता काही ठेवू नकोस. पुढच्या रविवारी दहाला मला खाली जायचंय."

तेव्हापासून दर रविवारी मी बाईंना खाली नेते आणि वर आणते. नवीन माणसं शिकायला येतात तेव्हा त्या माझ्यावर बसूनच सांगतात, "मी अठ्ठ्याण्णव किलो आहे. घाबरू नका, उचला."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. अशी मोफत शिकवणी तुमच्याकडे भरली तर संशय घेत दारात उभे राहू नका, आत जा. घरात एखादी मजबूत खुर्ची असेल तर तिच्यावर रद्दी रचू नका. आणि तुमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर कोण बसून आहे, ते उद्याच जाऊन बघा. त्यांना म्हणा, एकदा बसून तर पाहा. ते नाही म्हणतील. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. बाई एकोणीस वेळा नाही म्हणाल्या होत्या. धाकटीने मोजलं होतं.